मकेरेरे ते नैरोबी : विद्यापीठ, परिषद आणि आफ्रिकी साहित्याची व्याख्या

१

साहित्याच्या इतिहासात ग्रंथांची, ग्रंथकारांची व वाङ्मयप्रकारांची नोंद होते. परिषदा, अभ्यासमंडळांच्या बैठका, शिष्यवृत्त्या, नेमणुका आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका यांची नोंद सहसा होत नाही. त्या प्रशासनाच्या दप्तरात राहतात. ज्या समाजांत विद्यापीठ ही संस्था वसाहतवादी सत्तेबरोबर आली, त्या समाजांच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. तेथे 'साहित्य' कशाला म्हणावे, ते कोणत्या भाषेत असावे आणि त्याचा अभ्यास कोणत्या विभागात व्हावा, हे प्रश्न मुख्यतः विद्यापीठाच्या चौकटीतच सोडविले गेले. पूर्व आफ्रिकेतील दोन घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत : जून १९६२ मध्ये कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात भरलेली आफ्रिकी लेखकांची परिषद आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये नैरोबीच्या विद्यापीठ महाविद्यालयात मांडला गेलेला, इंग्रजी विभाग रद्द करावा असा प्रस्ताव. पहिल्या घटनेने आफ्रिकी साहित्याला एक व्यासपीठ दिले. दुसरीने त्या व्यासपीठाच्या पायाविषयीच शंका घेतली. या दोहोंमधील सहा वर्षांचा प्रवास हा आधुनिक समीक्षाविचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय होय.

२

मकेरेरेची स्थापना १९२२ साली एक तंत्रविद्यालय म्हणून झाली. १९४९ मध्ये त्यास विद्यापीठ महाविद्यालयाचा दर्जा मिळाला व ते लंडन विद्यापीठाशी जोडले गेले. इबादान (१९४८) व अन्य वसाहतींतील महाविद्यालयांप्रमाणेच येथेही पदवी लंडनची असे आणि अभ्यासक्रम व परीक्षा यांवर लंडनचे नियंत्रण असे. साहित्याच्या अभ्यासाचा अर्थ इंग्रजी साहित्याचा अभ्यास एवढाच होता आणि त्याचा क्रम चॉसरपासून टी. एस. एलियटपर्यंत पूर्वनिश्चित होता. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील १८५७ ची विद्यापीठेही लंडनच्याच नमुन्यावर उभी राहिली होती. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीस स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना जो दीर्घ आग्रह धरावा लागला, त्यामागील कारणव्यवस्था आणि मकेरेरेमधील परिस्थिती यांचे मूळ एकच होते.

तथापि या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. याच महाविद्यालयांतून आफ्रिकेतील इंग्रजी लेखकांची पहिली लक्षणीय पिढी बाहेर पडली. अचेबे, सोयिंका, ओकिग्बो व जे. पी. क्लार्क हे इबादानचे, तर न्गूगी वा थिओंगो (त्या वेळचे जेम्स न्गूगी) हे मकेरेरेचे विद्यार्थी. गोव्यातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या समाजातील पीटर नाझरेथ हेही मकेरेरेतच शिकले. युगांडातील आशियाई रहिवाशांना इदी अमीन याने ज्या वर्षी देशाबाहेर काढले, त्याच १९७२ साली त्यांची 'इन अ ब्राउन मँटल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वसाहतवादी विद्यापीठाने आपल्या टीकाकारांना स्वतःच शिक्षण दिले, हा विरोधाभास पुढील साऱ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

३

१९६२ ची परिषद इबादानच्या एम्बारी क्लबाने मकेरेरेच्या बहिःशाल शिक्षण विभागाच्या सहकार्याने भरविली. युगांडाच्या स्वातंत्र्याला तेव्हा चार महिने अवकाश होता. अचेबे, सोयिंका, ओकिग्बो, क्लार्क, दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले इझिकिएल म्फाहलेले व लुईस न्कोसी, पूर्व आफ्रिकेतील ग्रेस ओगोट व रिबेका न्जाऊ, तसेच अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज अशी मंडळी तेथे एकत्र आली. विद्यार्थिदशेतील न्गूगी यांनी अचेबे यांना आपल्या कादंबरीचे हस्तलिखित येथेच दाखविले. 'वीप नॉट, चाइल्ड' ही ती कादंबरी १९६४ मध्ये हाइनमन प्रकाशनाच्या आफ्रिकन रायटर्स मालेत प्रसिद्ध झाली. ही माला १९६२ मध्येच सुरू झाली होती आणि अचेबे हे तिचे पहिले संपादकीय सल्लागार होते. परिषद, प्रकाशनसंस्था व विद्यापीठ यांचा त्रिकोण या एका प्रसंगातून स्पष्ट दिसतो.

परंतु ही संधी कोणाला होती? परिषदेचे नावच 'इंग्रजीतून अभिव्यक्ती करणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद' असे होते. न्गूगी यांनी पुढे 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) या ग्रंथात या नावाचा अर्थ उकलून दाखविला. दोन कथा प्रसिद्ध झालेला एक विद्यार्थी निमंत्रणास पात्र ठरला; परंतु स्वाहिलीतील अग्रगण्य कवी व गद्यकार शाबान रॉबर्ट किंवा योरुबा भाषेत १९३८ पासून कादंबऱ्या लिहिणारे फागुन्वा हे पात्र ठरू शकत नव्हते. शाबान रॉबर्ट यांचे निधन त्याच जून महिन्यात झाले. आफ्रिकी साहित्याची व्याख्या करण्यासाठी जमलेल्या सभेच्या दारावरच ती व्याख्या अर्धी लिहिलेली होती. लेखक आफ्रिकी असावा की विषय, की दृष्टी, यावर आत चर्चा झाली. भाषेचा प्रश्न मात्र निमंत्रणपत्रिकेनेच निकालात काढला होता.

ओबी वाली या नायजेरियन समीक्षकाने हा मुद्दा १९६३ मध्ये 'ट्रान्झिशन' या नियतकालिकात उघडपणे मांडला. इंग्रजी व फ्रेंच ही सुशिक्षित आफ्रिकी लेखनाची स्वाभाविक माध्यमे होत, ही समजूत आफ्रिकी साहित्याला पुढे वाट नसलेल्या ठिकाणी नेऊन सोडील, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर मोठे वादळ उठले. १९६५ मध्ये त्याच नियतकालिकात अचेबे यांनी वेगळी भूमिका घेतली : इंग्रजी ही इतिहासाने हाती दिलेली भाषा आहे, ती आफ्रिकी अनुभवाचा भार वाहू शकेल अशी घडविता येते. हे दोन्ही पक्ष आजही निकालात निघालेले नाहीत.

परिषदेच्या आर्थिक पाठबळाचा प्रश्न नंतर पुढे आला. हा निधी पॅरिसमधील 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेकडून आला होता आणि तिच्यामागे अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेचा पैसा होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. कंपाला येथे जन्मलेले भारतीय वंशाचे रजत नियोगी यांनी १९६१ साली सुरू केलेल्या 'ट्रान्झिशन'लाही याच संस्थेचे साहाय्य होते. यावरून तेथे व्यक्त झालेले विचार विकत घेतलेले होते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. वालींचा इंग्रजीविरोधी लेख याच नियतकालिकाने छापला होता आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये नियोगींना अटक झाली ती युगांडातील ओबोटे सरकारवरील टीका छापल्यामुळे. पैसा देणाऱ्याने निष्कर्ष ठरविले नसतीलही. पण कोणी, कोठे व कोणत्या भाषेत जमावे हे ठरविण्यात त्याचा वाटा होता. वाङ्मयीन सत्ता बहुधा अशाच रीतीने चालते : ती मत लादत नाही, मत देणाऱ्यांची यादी तयार करते.

४

मकेरेरेनंतर प्रश्न अभ्यासक्रमाकडे वळला. १९६३ च्या मार्च-एप्रिलमध्ये डाकार येथे व फ्रीटाउनच्या फोरा बे महाविद्यालयात आफ्रिकी साहित्य व विद्यापीठीय शिक्षण या विषयावर परिषदा झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांनी लेगोन येथील आफ्रिकी अध्ययन संस्थेचे औपचारिक उद्घाटन करताना आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकाकेंद्री दृष्टीने करण्याचे आवाहन केले. इतिहास व मानव्यविद्या या क्षेत्रांत हे परिवर्तन तुलनेने लवकर घडू लागले. साहित्यविभागांत मात्र आफ्रिकी ग्रंथांना इंग्रजी अभ्यासक्रमाच्या शेवटी एखादी जागा मिळावी, एवढ्यापुरतीच मागणी सीमित होती.

नैरोबीच्या प्रस्तावाचे वेगळेपण येथे आहे. २० सप्टेंबर १९६८ रोजी इंग्रजी विभागाच्या प्रभारी प्रमुखांनी कलाशाखेच्या मंडळापुढे शाखेच्या विकासाविषयी एक टिपण ठेवले. त्यात अन्य भाषांच्या अभ्यासाला वाव देण्याची तयारी होती. परंतु इंग्रजी परंपरा व आधुनिक पाश्चात्त्य जगाचा उदय हेच आपल्या जाणिवेचे केंद्रीय मूळ, असे गृहीत धरलेले होते. २४ ऑक्टोबर रोजी न्गूगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा व ताबान लो लियाँग या तिघांनी त्यास उत्तर दिले. इंग्रजी विभागात भर घालू नये, तो रद्द करावा आणि त्या जागी आफ्रिकी साहित्य व भाषांचा विभाग स्थापन करावा, अशी त्यांची मागणी होती.

या प्रस्तावाला इंग्रजीद्वेषाचे लेबल लावले गेले. ते अन्यायाचे आहे. त्यांच्या आराखड्यात युरोपीय साहित्याला स्थान होते. स्वाहिली परंपरा, तिच्यावरील अरबी व आशियाई संस्कार, कॅरिबियन व अमेरिकी कृष्णवर्णीयांचे साहित्य यांनाही होते. त्यांचा मुद्दा दृष्टिबिंदूचा होता. एका संस्कृतीच्या ऐतिहासिक सातत्याचा अभ्यास करणे आवश्यक असेल, तर ती संस्कृती आफ्रिकी का नसावी? आफ्रिका मध्यभागी ठेवून इतर साहित्ये तिच्या संबंधात का पाहू नयेत? अभ्यासक्रमात किती आफ्रिकी पुस्तके असावीत हा संख्येचा प्रश्न त्यांनी बाजूस सारला आणि तुलना कोठे उभे राहून करावयाची, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न पुढे आणला. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने ही मांडणी मूलगामी आहे. कारण तुलनेला तटस्थ असे कोणतेही स्थान नसते, हे तिने प्रशासकीय भाषेत सिद्ध केले.

दुसरे मूलगामी पाऊल मौखिक परंपरेसंबंधीचे होते. मौखिक वाङ्मय हे भूतकाळाचे अवशेष नसून जिवंत, घडत असलेली परंपरा आहे. संगीत, धर्म, इतिहास, समाजशास्त्र यांच्या सीमा ओलांडणारे आहे. म्हणून ते अभ्यासाचे आरंभस्थान असावे, असे तिघांनी आग्रहाने म्हटले. युगांडाचे भाषाभ्यासक पिओ झिरिमु यांनी याच सुमारास 'ऑरेचर' ही संज्ञा घडविली. तिची गरज का पडावी? इंग्रजी 'लिटरेचर' या शब्दाच्या मुळाशी 'अक्षर' म्हणजे लिपीतील चिन्ह आहे. त्यामुळे 'मौखिक लिटरेचर' हा शब्दप्रयोग त्या भाषेत वदतोव्याघात ठरतो. मराठीत ही अडचण नाही. 'वाङ्मय' हा शब्दच वाणीवर आधारलेला आहे. तथापि शब्दाने दिलेली मोकळीक अभ्यासक्रमाने वापरली असे म्हणता येणार नाही. ओवी, लावणी, कथागीते यांचा विचार मराठी विभागांत बहुधा 'लोकसाहित्य' या स्वतंत्र प्रश्नपत्रिकेत होत आला. साहित्याच्या सिद्धान्ताचा पाया म्हणून क्वचितच झाला. नैरोबीच्या प्रस्तावाचे महत्त्व या फरकाच्या संदर्भात नीट कळते.

५

प्रस्तावाचे फलित काय? दीर्घ वादानंतर नैरोबीत साहित्य विभाग आणि भाषाविज्ञान व आफ्रिकी भाषा विभाग असे दोन विभाग अस्तित्वात आले. १९७४ मध्ये शालेय अभ्यासक्रमातील साहित्याच्या अध्यापनाविषयी शिक्षकांची परिषद भरली आणि वाद विद्यापीठाबाहेर पोहोचला. या विजयात एक पेच होता. नव्या विभागाने साहित्य व भाषा वेगळी केली. साहित्य विभागात आफ्रिकी, कॅरिबियन व युरोपीय ग्रंथ शिकविले जाऊ लागले. पण अध्यापनाची भाषा इंग्रजीच राहिली. केंद्र बदलले, माध्यम बदलले नाही. ओकोट प'बितेक यांचे अचोली भाषेत रचलेले काव्य 'साँग ऑफ लाविनो' (१९६६) या इंग्रजी रूपातच प्रामुख्याने शिकले गेले, हे या मर्यादेचे बोलके उदाहरण होय.

न्गूगी यांना ही मर्यादा विद्यापीठात राहून ओलांडता आली नाही. १९७७ मध्ये कामिरीथू या गावातील शेतकरी व कामगारांबरोबर त्यांनी गिकुयू भाषेत नाटक उभे केले. सरकारने प्रयोग बंद पाडले आणि ३१ डिसेंबर १९७७ रोजी न्गूगी यांना अटक झाली. वर्षभराच्या स्थानबद्धतेत त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. सुटकेनंतर विद्यापीठातील पद त्यांना परत मिळाले नाही. इंग्रजी विभाग रद्द करावा असे म्हणणारा प्राध्यापक सत्तेला चालला. गावकऱ्यांच्या भाषेत नाटक करणारा चालला नाही. विद्यापीठीय क्रांती कोणत्या रेषेपर्यंत निरुपद्रवी मानली जाते, याचे यापेक्षा स्पष्ट मोजमाप सापडणे कठीण आहे.

दरम्यान, जुन्या केंद्रांची स्थितीही पाहण्यासारखी होती. १९७३-७४ मध्ये सोयिंका केंब्रिजला असताना आफ्रिकी साहित्यावरील त्यांची व्याख्याने इंग्रजी विभागाऐवजी सामाजिक मानवशास्त्र विभागाच्या आश्रयाने झाली, असे त्यांनीच 'मिथ, लिटरेचर अँड द आफ्रिकन वर्ल्ड' (१९७६) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविले आहे. आफ्रिकी कलाकृती ही सौंदर्यशास्त्राचा विषय नसून मानवशास्त्राचा पुरावा होय, ही धारणा विभागांच्या रचनेतच मुरलेली होती. पुढील दशकांत उत्तर-वसाहतवादी समीक्षा ही पाश्चात्त्य विद्यापीठांत प्रतिष्ठित ज्ञानशाखा बनली. परंतु तिचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजी विभागांतून, इंग्रजी ग्रंथांच्या आधारे चालला. नैरोबीचा प्रस्ताव तेथे आदराने उद्धृत होतो, आणि त्याने रद्द करू पाहिलेल्या विभागातच त्याचे अध्यापन होते.

२८ मे २०२५ रोजी न्गूगी यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या काळातही ते गिकुयूत लिहीत होते आणि स्वतः इंग्रजीत अनुवाद करीत होते. मकेरेरेच्या निमंत्रणपत्रिकेने १९६२ मध्ये ज्या भाषांना दाराबाहेर ठेवले, त्या भाषांत लिहिणाऱ्यांना पुढील परिषदेचे निमंत्रण कोण, कोणत्या भाषेत पाठविणार, हा प्रश्न त्यांच्या पश्चात शिल्लक आहे. तो केवळ आफ्रिकेपुरता नाही. जेथे जेथे साहित्याचा विभाग एका भाषेत चालतो आणि समाज दुसऱ्या भाषेत बोलतो, तेथे तेथे अभ्यासमंडळाच्या प्रत्येक बैठकीत त्याचे उत्तर दिले जात असते. बहुधा तो प्रश्न विचारला गेला आहे याची जाणीवही न ठेवता.