गाळलेली तीन कडवी

‘अबाइड विथ मी’ (‘माझ्याजवळ राहा’) म्हटले की आपल्याकडे दिल्लीचे ‘बीटिंग रिट्रीट’ आठवते. गांधीजींच्या आवडीचे हे ख्रिस्ती गीत तिथे वर्षानुवर्षे बँडवर वाजे. २०२२ मध्ये ते वगळले गेले. इंग्लंडात ते अंत्यविधीला हमखास गातात आणि १९२७ पासून फुटबॉलच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यापूर्वीही (ही जोडी इंग्रजांनाच सुचावी!). पण मावळतीचे, निरोपाचे गीत ही त्याची ओळख पुढे जडलेली आहे. त्याचे मूळ लूकच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन अनुयायी, क्लयपा आणि त्याचा सोबती, यरुशलेमहून सुमारे सात मैलांवरच्या अम्माऊस गावी खिन्न मनाने निघाले होते. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्या सोबत चालू लागला. तो येशूच होता, पण त्यांनी ओळखले नाही. गाव आले, दिवस कलला, तेव्हा ‘आमच्याबरोबर राहा’ म्हणत त्यांनी त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले. या प्रसंगात मरणशय्या कुठेच नाही. आहेत ती आशा सुटलेली, पण धडधाकट माणसे.

यावर आक्षेप येतो तो गीतकाराच्या चरित्रातून. डेव्हनमधल्या ब्रिक्सम या मासेमारीच्या बंदरातले धर्मगुरू हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी १८४७ मध्ये हे गीत लिहिले, असे सामान्यतः मानतात. त्यांना क्षय होता आणि त्याच नोव्हेंबरात ते नीस येथे वारले. शेवटचे कडवेही मृत्यूविषयीच आहे. मग हे मरणोन्मुखाचे गीत नव्हे तर काय? पण लाइट यांनी कडवी आठ लिहिली, बहुतेक संग्रहांत गातात ती पाचच. गाळलेल्या तिनांत काय होते? एकात मागणे आहे की ओझरते दर्शन नको, शिष्यांबरोबर राहत होतास तसा राहा. दुसऱ्यात, धाक घालणारा राजा होऊन येऊ नकोस, दुःखात रडणारा होऊन ये. तिसऱ्यात बंडखोर तारुण्याची कबुली आहे: मी तुला सोडले, तू मला सोडले नाहीस. म्हणजे उभ्या आयुष्याची सोबतच गाळली गेली आणि संध्याकाळ तेवढी उरली. गाळणाऱ्यांना गीत आटोपशीर करायचे असेल. परिणाम मात्र हाच झाला. विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये दिलेल्या चालीचे नावही ‘इव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ.

खरा अवघड प्रश्न लूकच्या कथेतच आहे. भाकर मोडताना ओळख पटते आणि त्याच क्षणी पाहुणा अदृश्य होतो. ‘राहा’ म्हटल्यावर जो राहत नाही, त्याच्या सान्निध्याने शांती कसली? पण त्यानंतर ते दोघे स्वस्थ झोपले नाहीत. त्याच घटकेला उठून, ज्या यरुशलेमकडे पाठ फिरवली होती, तिथेच परत गेले. संकट टळले नव्हते, वाटही तीच होती. चालण्याचे बळ मात्र परत आले होते. ख्रिस्ती परंपरेतली शांती ती हीच. वाटचालीतली ही सोबत गाळलेल्या कडव्यांत आहे, म्हणून उपासनेत हे गीत घेणाऱ्यांनी एकदा तरी आठही कडवी गावीत.