परसातले दोडके-कारले सडतेय? कपाशीचे औषध मारू नका, फळमाशीचा बंदोबस्त असा करा

पहिला पाऊस पडला की खेड्यात घरोघरी परसात दोडका, कारले, दुधी, काकडीचे बी टोचले जाते. वेल जोमात चढतो, फुले लागतात, बोटाएवढी फळे दिसू लागतात. आणि मग एक दिवस फळ वाकडे होते, पिवळे पडते, बोट लावले तर मऊ लागते. चिरून पाहिले तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. अशा वेळी बऱ्याच घरांत गोठ्यात ठेवलेली कपाशीच्या फवाऱ्याची उरलेली बाटली काढली जाते आणि 'थोडंसंच मारू' म्हणत वेलावर फवारा होतो. दोन दिवसांनी त्याच वेलाची भाजी ताटात येते.

हे धोक्याचे आहे. शिवाय त्याने अळी मरतही नाही. कारण समजून घेतले तर घरच्या पाच-सहा वेलांसाठी विषारी औषधाची सहसा गरजच पडत नाही.

अळी आत, औषध बाहेर

हे काम फळमाशीचे आहे. साधारण घरमाशीएवढी, तांबूस-तपकिरी, अंगावर पिवळे पट्टे असलेली ही माशी असते. मादी कोवळ्या फळाच्या सालीला सुईसारखे टोक खुपसून आत अंडी घालते. त्या जागी डिंकासारखा चिकट थेंब दिसतो. एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि गर खाऊ लागते. आपल्याला फळ वाकडे दिसते तेव्हा अळी आत पोचलेली असते. वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत जात नाही, तो फळाच्या सालीवर आणि पानावर राहतो.

पोट भरले की अळी फळातून बाहेर पडते, मातीत वरच्या दोन-तीन इंचांत शिरते आणि तिथे कोष करते. काही दिवसांनी नवी माशी बाहेर. उबदार हवेत हा फेरा साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

म्हणजे सडका दोडका तोडून उकिरड्यावर फेकला तर आपणच माशी पाळतो. ती दरवेळी लांबून येत नाही, आपल्या आणि शेजारच्या उकिरड्यावरच वाढते.

सडके फळ उकिरड्यावर नको

फळमाशीचा सगळ्यात मोठा इलाज फुकटचा आहे. एक दिवसाआड वेलाखालून फेरी मारायची. वाकडे, चिकट थेंब आलेले, पिवळे पडलेले फळ तोडायचे, खाली पडलेलेही वेचायचे. हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवायचे. पावसाळ्यात ऊन नसेल तर उकळते पाणी ओतून मग खड्ड्यात दीड-दोन फूट खोल पुरायचे. वर चार-पाच इंच माती टाकून भागत नाही, माशी वर येते.

वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने हलकी उकरावी. मुळे तुटणार नाहीत इतपतच. कोष उघडे पडले की उन्हाने आणि पाखरांनी मरतात. वेल मांडवावर चढल्यानंतर कोंबड्या खाली मोकळ्या सोडल्या तर कोष त्या वेचून खातात. रोप लहान असताना मात्र कोंबड्यांना लांबच ठेवा.

सापळा मागताना चूक होते

कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा सापळा मिळतो. पण नुसता 'फळमाशीचा सापळा द्या' म्हटले तर आंबा-पेरूचा मिळू शकतो. त्यात मिथाइल युजेनॉल असते आणि वेलभाज्यांची माशी त्याला येत नाही. दोडका, कारले, दुधी, काकडी यांच्यासाठी 'क्यू ल्यूर'चा सापळा लागतो. नाव घेऊनच मागावा. फुले लागायच्या वेळी तो मांडवाच्या उंचीवर टांगावा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत आतली वडी बदलावी.

या सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी बाहेरच असते. म्हणून सापळा लावला आणि सडकी फळे तशीच राहिली तर उपयोग होत नाही. शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून सापळे लावले आणि सडकी फळे वेचली तर फरक चांगला दिसतो.

मोजकी फळे असतील तर पिशवी हा पक्का उपाय आहे. फूल सुकले की लगेच कोवळ्या फळावर वर्तमानपत्राची दुहेरी पिशवी किंवा जुन्या ओढणीच्या पातळ कापडाची पिशवी चढवावी आणि देठाजवळ सैल बांधावी. साल कोवळी असते तोपर्यंतच माशीचा जास्त धोका असतो.

प्रत्येक पिवळे फळ माशीचे नसते

लहान फळ पिवळे पडून गळाले की लोक लगेच कीड समजतात. आधी चिरून पाहा. अळी नसेल तर बहुधा परागीभवन झालेले नसते. या वेलांना नर आणि मादी फुले वेगळी लागतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला नर फुलेच जास्त येतात, त्यामुळे 'फुले येतात पण फळ धरत नाही' अशी तक्रार होते. घाबरायचे कारण नाही.

माश्या-भुंगे कमी असतील तर ताजे नर फूल तोडून त्याचा पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच घासावा. दोडका आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांचे काम तेव्हा करावे. कारल्याचे सकाळी लवकर. विषारी फवाऱ्याने हे काम करणाऱ्या मधमाश्याही मरतात आणि फळधारणा आणखी घटते.

इतर किडी

लाल भुंगेरे: नारिंगी-लाल रंगाचे हे किडे रोप दोन-चार पानांचे असताना पाने चाळणीसारखी करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरावी.

नागअळी: पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसतात. अशी पाने तोडून नष्ट करावीत.

मावा: शेंड्याला आणि पानामागे चिकटतो, विषाणूजन्य रोगही पसरवतो. जोराच्या पाण्याने धुवावा, पिवळे चिकट सापळे लावावेत. पाने आखडून पिवळी-हिरवी चट्टेदार झालेला वेल बरा होत नाही, तो उपटून टाकावा.

भुरी: पानावर पीठ पडल्यासारखे दिसते. खालची जुनी पाने काढून हवा खेळती ठेवावी. गंधकाने वेलभाज्यांची पाने कडक उन्हात करपू शकतात, म्हणून विचारल्याशिवाय वापरू नये.

निंबोळी अर्क घरी

निंबोळ्या पिकून पडतात तेव्हा वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. अर्धा किलो निंबोळीची भरड पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी चोळून फडक्याने गाळावी. त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालत एकूण १० लिटर करावे. हा ५ टक्के अर्क झाला. तो त्याच दिवशी वापरावा, कारण साठवला तर जोर जातो. कडक उन्हातही तो टिकत नाही. म्हणून दोडका-दुधीवर फुले उमलायच्या आधी ऊन कलताना आणि कारल्यावर संध्याकाळी मारावा. मावा आणि लहान अळ्यांवर तो चालतो, फळात शिरलेल्या अळीवर नाही.

वेल लावतानाच घ्यायची काळजी

एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून कुजलेले शेणखत आणि माती भरावी. कारल्याचे बी टणक असते, रात्रभर भिजवून लावावे. वेल जमिनीवर पसरू न देता पाच-सहा फूट उंच मांडवावर न्यावा आणि तोपर्यंत बगलफुटी काढाव्यात. मांडवावर फळ सरळ लोंबते, हवा खेळते आणि बिघडलेले फळ लगेच नजरेला पडते.

ती बाटली परसात नको

कपाशीवर सर्रास वापरल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच बंदी घातली गेली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध वावरात माणसाला पाडते, ते लेकरांच्या ताटातल्या भाजीवर कशाला?

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचे हे लेबलवर असते, आणि जे पीक लेबलवर नाही त्यावर ते औषध मारायचे नाही. उरलेले औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नये.

कुणाला फवारणीनंतर मळमळ, घाम, चक्कर, धूसर दिसणे, तोंडाला लाळ असा त्रास झाला तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. डबा पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

कीड ओळखता आली नाही तर फळ किंवा पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीत विचारावे. तोवर आज संध्याकाळी एक काम करा: मांडवाखाली पडलेली फळे वेचा आणि पिशवीचे तोंड बांधा.