हिमालयाच्या कुरणातील जांभळा रानकांदा

पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिमालयाच्या उंच उतारांवर ताऱ्याच्या आकाराच्या जांभळ्या फुलांचे झुबके डोलू लागतात. ही फुले स्वयंपाकघरातील कांदा-लसणाच्या कुळातील एका रानटी वनस्पतीची आहेत. 'अ‍ॅलियम वॉलिची' हे तिचे शास्त्रीय नाव असून नेपाळमध्ये ती 'बन लसुन' या नावाने ओळखली जाते.

डेन्मार्कमध्ये जन्मलेले नॅथॅनियल वॉलिच हे १८१७ पासून १८४६ पर्यंत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. १८२०-२१ मध्ये त्यांनी नेपाळमधील वनस्पतींचा मोठा संग्रह केला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथ यांनी १८४३ मध्ये या कांद्याला वॉलिच यांचे नाव दिले.

भारत, नेपाळ, भूतान व म्यानमारचा डोंगराळ प्रदेश, तसेच तिबेट आणि दक्षिण चीन हे या वनस्पतीचे मूळ वसतिस्थान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० ते ४,८०० मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेला, झुडपांमध्ये, ओढ्यांच्या काठी आणि गवताळ उतारांवर ती वाढते. तिचा कंद बारीक व लांबट, मुळे जाड, तर फुलाचा दांडा तीन धारांचा आणि सुमारे एक मीटरपर्यंत उंच असतो. जुलै ते सप्टेंबर हा तिचा बहराचा काळ होय.

बागांमध्ये लावले जाणारे मध्य आशियातील बहुतेक शोभेचे कांदे वसंतात फुलतात आणि कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली विसावतात. या रानकांद्याचे ऋतुचक्र मात्र मोसमी पावसाशी बांधलेले आहे. त्यामुळे उन्हाळा सौम्य आणि जमीन ओलसर असेल अशाच बागांमध्ये तो रुजतो.

पहाडी लोकांसाठी ही केवळ शोभेची वनस्पती नाही. तिची कोवळी पाने भाजीत व फोडणीत वापरली जातात, तर सर्दी-खोकल्यावर कंदाचा उपयोग करण्याची परंपरा आहे. पाने खुडल्यास कंदातून पुन्हा फुटवा येतो. परंतु कंदासह रोप उपटले किंवा बी धरण्यापूर्वीच फुलांचे दांडे कापले, तर त्या जागी नवी रोपे उगवण्याचा मार्ग बंद होतो.

रानटी कांद्यांचे जतन हा शेतीच्याही हिताचा विषय आहे. वायव्य हिमालयातील 'अ‍ॅलियम रॉयली' या दुसऱ्या रानकांद्यातील केवडा रोगाला प्रतिकार करणारा गुणधर्म संशोधकांनी लागवडीच्या कांद्यात उतरविला आहे. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेतही रानटी प्रजातींचा संग्रह जपला जातो. तथापि, बदलत्या हवामानाशी जुळवून घेत नव्या पिढ्या घडण्याची प्रक्रिया संग्रहात होत नाही. ती मूळ वसतिस्थानीच चालू राहते. म्हणूनच हिमालयातील ही कुरणे सुरक्षित राहणे आवश्यक आहे.