पंप, आग आणि विहीर

पेट्रोल पंपाची गोष्ट लोण्यापासून सुरू होते असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण सांगतात ते असं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी एका वाण्याच्या दुकानात रॉकेलचं पिंप आणि लोण्याचं पिंप शेजारी शेजारी असायचं. रॉकेल झिरपायचं, लोण्याला वास यायचा, गिऱ्हाईक कटकट करायचं. सिल्व्हॅनस बाउझर नावाच्या माणसाने यावर उपाय म्हणून १८८५ मध्ये हातपंप लावलेली टाकी करून दिली. पुढे १९०५ मध्ये त्याच्याच कंपनीने मोटारींसाठी पेट्रोलचा पंप काढला. म्हणजे बघा, या यंत्राचा जन्मच गळतीच्या तक्रारीतून झाला!

मोटारी वाढल्या तशी खरी भीती आगीची होती, आणि ती रास्तच होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, खोलगट जागी साचून राहते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावच्या अग्निशमन नियमांनी एक साधा, शहाणपणाचा मार्ग धरला. टाकी जमिनीत पुरा. मातीखाली हवा नाही, ठिणगी नाही, गाडी येऊन आदळायची भीती नाही. उपाय इतका चांगला ठरला की जगभर तीच रीत पडली. आज पंपावर आपल्याला दिसतं ते फक्त छप्पर आणि नळी. माल सगळा पायाखाली.

गंमत अशी की, पुरलेली वस्तू डोळ्याआड होते. साध्या पोलादाच्या त्या टाक्या वीस-तीस वर्षांत गंजल्या आणि गळू लागल्या. आग दिसते, धूर दिसतो, बंब येतो. गळती मात्र कोणाच्या तरी विहिरीच्या पाण्याला वास आल्यावर कळते. अमेरिकेच्या संसदेने १९८४ मध्ये कायद्यात भर घातली, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. तेव्हापासून त्या एका देशात गळतीच्या पाच लाखांहून जास्त घटनांची नोंद झाली आहे.

यातच आणखी एक वळण आहे. पेट्रोल स्वच्छ जळावं, हवा सुधारावी म्हणून त्यात एमटीबीई नावाचं रसायन मिसळत. हवेसाठी ठीक, पण ते पाण्यात सहज विरघळतं आणि मातीतून भराभर पुढे जातं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला याच कारणाने आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं! आगीवरच्या उपायाने पाणी बिघडवलं, हवेवरच्या उपायानेही पाणीच बिघडवलं.

आता आपल्याकडे येऊ. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा आणि सध्याचे नियम २००२ चे. परवाना देणारं स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेचं खातं, म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचं, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिसांचं, ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. या सगळ्याचा पाया आगीच्या भीतीचा आहे. पर्यावरणाचा विचार ठळकपणे आला तो फार उशिरा. राष्ट्रीय हरित लवादापुढच्या प्रकरणांनंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा जास्त खाटांची रुग्णालयं आणि निवासी भाग यांपासून नवा पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जास्तीची सुरक्षा करून ३० मीटर, त्याहून कमी नाही.

परवानगीचे कागद नीट पाहिले नाहीत तर काय होतं हे १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवरचं सुमारे १२० फूट बाय १२० फूट होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. १७ माणसं गेली. आणि खाली पेट्रोल असल्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर बेधडक वापरता येईना, ढिगाऱ्याखाली माणसं असताना! त्या जागेत काय आहे, तिच्यावर काय उभं आहे आणि परवानगी कोणी द्यायची, हे प्रश्न एकत्र बसून कोणी विचारलेच नव्हते.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मामेभावाच्या गावाबाहेर पंप येऊ घातलाय. तो म्हणाला, "दादा, टेप लावून मोजलं, अंतर नियमात बसतंय. मग अजून काय विचारायचं?" पंप नकोच असं माझं म्हणणं नाही. डिझेलसाठी वीस किलोमीटर जाणाऱ्या शेतकऱ्याला पंप हवाच आहे. पण टेप आगीचं अंतर मोजते, पाण्याचं नाही. महाराष्ट्राची बरीचशी जमीन बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. त्यात पाणी भेगांमधून वाहतं. पन्नास मीटरवरची विहीर सुरक्षित राहील आणि तीनशे मीटरवरची नासेल, असंही होऊ शकतं.

म्हणून मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. टाकी एका भिंतीची की दुहेरी, हे ग्रामसभेत विचारा. गळती कशी तपासणार आणि ती नोंद गावाला पाहायला मिळेल का, हे लेखी घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंपाचा खड्डा खणायच्या आधी आसपासच्या विहिरींचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून कागद जपून ठेवा. उद्या वास आला तर पाणी आधी चांगलं होतं हे सिद्ध करायला दुसरं काही हाती नसतं.

असो. तुमच्या गावात असा पंप झाला असेल तर ग्रामसभेत काय काय विचारलं गेलं ते जरूर कळवा.