देह, संमती आणि परिनिरीक्षण : 'न्यूड' या मराठी चित्रपटाच्या निमित्ताने

प्रस्तावना :
कलाकृतीतील नग्नतेचा प्रश्न उपस्थित झाला की चर्चा प्रामुख्याने प्रेक्षकाच्या नीतिमत्तेभोवती फिरते. जिचा देह कलेचा विषय होतो त्या व्यक्तीची संमती, प्रतिष्ठा व उपजीविका हे प्रश्न दुर्लक्षित राहतात. डोंबिवलीकर म्हणून परिचित असलेले दिग्दर्शक रवी जाधव यांच्या 'न्यूड' (२०१८) या चित्रपटाच्या आधारे या उपेक्षित बाजूचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इटलीतील पूर्वानुभव :
बर्नार्डो बर्तोलुची यांचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' १९७२ साली प्रदर्शित झाला. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो अश्लील ठरवून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. बर्तोलुची यांना पाच वर्षे मताधिकारास मुकावे लागले. ही बंदी १९८७ मध्ये उठली. परंतु चित्रीकरणसमयी अवघ्या १९ वर्षांच्या असलेल्या मारिया श्नायडर यांना एका प्रसंगाच्या तपशिलाची पुरेशी पूर्वकल्पना दिली गेली नव्हती, ही बाब या खटल्याच्या केंद्रस्थानी कधीच आली नाही. श्नायडर यांनी २००७ मधील मुलाखतीत त्या अपमानाची वाच्यता केली. न्यायालयाने चित्रफितीचा विचार केला, अभिनेत्रीचा नव्हे.

मराठी परंपरा :
महाराष्ट्रातही १९७२ हेच वर्ष निर्णायक ठरले. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात परिनिरीक्षण मंडळाने ३२ काटछाटी सुचविल्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयात दाद मागून नाटकाची मुक्तता करून घेतली. चंपाची भूमिका साकारणाऱ्या लालन सारंग यांना सामाजिक रोषही सोसावा लागला. पुढे 'बँडिट क्वीन' प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, संदर्भ पाहिला पाहिजे, ही भूमिका स्पष्ट केली.

'न्यूड'चे वेगळेपण :
जाधव यांनी जे. जे. संस्थेत उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. 'नटरंग' (२०१०) मध्ये त्यांनी तमाशातील कलावंताची, तर 'बालक-पालक' (२०१३) मध्ये वयात येणाऱ्या मुलांच्या कुतूहलाची कथा मांडली होती. सचिन कुंडलकर यांनी लिहिलेल्या 'न्यूड'मध्ये नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलासह मुंबईत आलेली यमुना (कल्याणी मुळे) चंद्राक्काच्या (छाया कदम) मार्गाने कलामहाविद्यालयात विवस्त्र बैठक देऊ लागते. मुलाला शिकविण्यासाठी ती हे काम पत्करते आणि त्याच मुलापासून ते दडवून ठेवते. वर्गातील विद्यार्थ्यांची नजर अभ्यासाची आहे; समाजाची नजर मात्र तशी नाही. या दोन नजरांमधील अंतर हाच चित्रपटाचा खरा विषय होय.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या परीक्षक मंडळाने निवडलेला हा चित्रपट 'एस दुर्गा' या मल्याळम चित्रपटासह माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला. निषेधार्थ परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. तथापि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय प्रमाणन मंडळाने एकही काटछाट न सुचविता 'न्यूड'ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला.

निष्कर्ष :
उपरोक्त घटनांवरून असे दिसते की, बंदी व प्रमाणपत्र या दोन्ही यंत्रणा पाहणाऱ्याचे रक्षण करू इच्छितात. दिसणाऱ्याचे रक्षण हा त्यांच्या विचाराचा विषय होत नाही. 'न्यूड'ने बैठक देणाऱ्या स्त्रीला श्रमिक म्हणून केंद्रस्थानी आणले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. कलामहाविद्यालयांतील चित्रांवर चित्रकाराची स्वाक्षरी असते. जिने तासन्‌तास निश्चल बसून ते चित्र शक्य केले तिचे नाव क्वचितच नोंदले जाते. कलेच्या इतिहासलेखनाने ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे.