देवगिरीच्या दरवाजाशी

किल्ला म्हटलं की राजांची यादी पुढं येते. ती आपणही पाठ करावी. पण तिथंच थांबू नये.

कॉलेजच्या पोरांना घेऊन मी दौलताबादला गेलो. गाईडनं धडाधड सांगितलं. बाराव्या शतकात यादव भिल्लमानं इथं राजधानी केली. १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली. मग बहमनी, निजामशाही, १६३३ ला मोगल. १६८७ ला गोवळकोंडा पडला आणि शेवटचा कुतुबशहा इथल्या चिनी महालात कैद झाला. म्हणजे राजधानीचा तुरुंग झाला. पुढं हैदराबादचा निजाम. आता पुरातत्त्व खात्याचं तिकीट.

धनी बदलले, खडक तोच. टेकडीचे कडे तासून उभे केलेत, खंदक खडकातच कोरलाय. एवढा दगड फोडला कुणी? छिन्नी धरणाऱ्याचं एक नाव गाईडच्या तोंडी नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. ती मी पोरांना दरवाजाशी बसवून सांगितली. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळला चालले होते. वाटेत इथं थांबले. रमजानचे दिवस. धुळीनं माखलेल्या काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला म्हणून. जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली. अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल काय, असं बाबासाहेबांनी विचारलं, तेव्हा जमाव गप्प झाला. किल्ला बघायला मिळाला, पण पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. वर हत्यारबंद शिपाई सोबत.

महाडच्या तळ्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

एक पोरगा तावातावानं म्हणाला, "बघा, तेही तसलेच!" मी म्हणालो, थांब. ज्या लिखाणात बाबासाहेबांनी हे सांगितलं, त्यातच लहानपणचा हिंदू गाडीवान आहे, बडोद्याची पारशी सराई आहे. बोट एका धर्माकडं नाही, जातीकडं आहे. ती धर्माची वेस ओलांडून जाते. या प्रसंगाचा दगड करून कुणी तुमच्या हातात दिला, तर घेऊ नका.

याच औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथल्या दरवाजावर कुणाला अडवायचं नव्हतं.

किल्ला बघायला जरूर जा. पण वर चढण्याआधी दरवाजाशी थांबा, घोटभर पाणी प्या, शेजारच्यालाही द्या.