शहाण्या मूर्खपणाची कुळकथा

इसवी सन 400च्या आसपास सर्व्हियस नावाच्या रोमन व्याकरणपंडिताने व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्यावर शब्दाशब्दाला थांबणारी टीका लिहिली. सातव्या सर्गात जूनो देवी ट्रॉयच्या लोकांवर भडकलेली आहे. शहर पडलं, जळालं, तरी ही माणसं निसटली कशी? पकडलेल्यांना पकडून ठेवणंही जमलं नाही, असा तिचा त्रागा. सर्व्हियस तिथे एवढंच टिपतो की हे चिडून बोललेलं आहे. त्यातला कडवटपणा काढून टाकला तर जे उरेल ते ‘ऑक्झिमोरम’. आज इंग्रजीच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या ऑक्झिमोरॉनचा, म्हणजे दोन विरोधी शब्द एकत्र आणणाऱ्या अलंकाराच्या नावाचा, सर्वांत जुना लेखी दाखला तो हाच.

शब्दाचे दोन्ही तुकडे ग्रीक. ऑक्सिस म्हणजे टोकदार, तल्लख. मोरोस म्हणजे बोथट, मूर्ख. पण हा जोडशब्द जुन्या अभिजात ग्रीक ग्रंथांत सापडत नाही. म्हणजे माल ग्रीसचा, जुळणी रोमची. ऑक्सिसचं टोक पुढे ऑक्सिजनमध्ये शिरलं: हा वायू आम्लं घडवतो, अशा (चुकीच्या) समजुतीने लाव्हाझिएने ते नाव दिलं. मोरोसचा मोरॉन 1910 साली हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केला, तोही चक्क शास्त्रीय संज्ञा म्हणून. शिवी व्हायला तिला वेळ लागला नाही.

नाव उशिरा आलं, युक्ती मात्र फार जुनी. सर्व्हियसच्या हजार वर्षं आधी सॅफो या ग्रीक कवयित्रीने प्रेमाला ‘गोडकडू’ असं एकच विशेषण लावलं होतं.

इंग्रजीत ऑक्झिमोरॉन हा शब्द सतराव्या शतकात आला. त्याआधी शेक्सपिअरच्या काळातले लोक या अलंकाराला काय म्हणत? 1589 साली ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’ नावाचं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. ते जॉर्ज पुटनमचं मानलं जातं. ग्रीक-लॅटिन नावांनी इंग्रज वाचक बिचकतो, म्हणून या गृहस्थाने अलंकारांची घरगुती बारशी केली. अतिशयोक्तीला त्याने ‘मोठ्याने खोटं बोलणारा’ म्हटलं, उपरोधाला ‘कोरडी टिंगल’. आणि दोन विरोधी शब्दांना एका दाव्याला बांधून गुण्यागोविंदाने नांदवणाऱ्या अलंकाराला ‘उलटी जोडी’. अशी नावं असलेलं पुस्तक आपल्या शाळांत असतं तर निम्मी घोकंपट्टी वाचली असती. हे पुस्तक छापलं रिचर्ड फील्डने, जो स्ट्रॅटफर्डचा, म्हणजे शेक्सपिअरचा गाववाला. चारच वर्षांनी त्याने शेक्सपिअरचं पहिलं छापील काव्यही काढलं.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ही उलटी जोडी दोनदा धो धो कोसळते. पहिल्या अंकात रोमिओ एकाच दमात डझनभर विरोधी जोड्या फेकतो. तेव्हा त्याने ज्युलिएटला पाहिलेलंही नसतं. तो रोझलाइनसाठी झुरत असतो. इटालियन कवी पेत्रार्कपासून प्रेमी कवींनी आगीला गार आणि बर्फाला गरम म्हणायची जी फॅशन पाडली होती, तिची ही नक्कल आहे, आणि शेक्सपिअर तिला मनातून हसतो आहे, असं माझं मत. तिसऱ्या अंकात हीच युक्ती ज्युलिएटच्या तोंडी येते. तिच्या नव्या नवऱ्याने तिच्या मामेभावाला मारल्याची बातमी नुकतीच आलेली असते. ज्याच्यावर जीव जडला तोच खुनी. इथे दोन विरोधी शब्दांशिवाय खरं बोलणंच शक्य नाही. पहिल्या भाषणात अलंकार मिरवला आहे, दुसऱ्यात तो सोसला आहे.

विसाव्या शतकात ऑक्झिमोरॉनचा विनोद झाला. जॉर्ज कार्लिनसारख्या अमेरिकन विनोदवीरांनी ‘जम्बो श्रिंप’ला, म्हणजे जंगी कोळंबीला, रंगमंचावर नेलं. हशा पिकतो, कारण श्रिंप म्हणजे चिमुकला माणूसही. पण बाजारात कोळंबी खरंच मोठी मिळते. तिच्यात विरोध कसला? असली उदाहरणं गाइडांत शिरली आणि ऑक्झिमोरॉन म्हणजे कुठलीही विसंगती, असा समज पक्का झाला. मूर्खपणा दिसला, टोक हरवलं.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या इंग्रजीत ‘फिगर ऑफ स्पीच ओळखा’ हा प्रश्न असतो. मुलं दोन विरोधी शब्द हेरतात, नाव लिहितात, गुण घेतात. खरं तर मराठी मुलांना हा अलंकार समजावायला कोळंबीची गरजच नाही. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर शेवटचा समास ‘पढतमूर्खा’ला दिला. ऑक्झिमोरॉन या शब्दाच्या इतक्या जवळ जाणारा शब्द इंग्रजीतही सहज मिळणार नाही. शिवाय त्यात धार आहे: शिकलेला असूनही मूर्ख तो का, याचं उत्तर पूर्ण समासभर दिलं आहे.

तेव्हा इंग्रजीच्या मास्तरांना एक विनंती. मुलाने उत्तरात अलंकाराचं नाव लिहिलं की लगेच गुण देऊ नका. या दोन शब्दांचं भांडण असून ते एकत्र का राहतात, ते आधी त्याला विचारा.